बदलीत सामान फुटलं, हरवलं तर: फौजी कुटुंबांसाठी भरपाई मागण्याची रीत

पठाणकोटहून सिकंदराबादला आमचं सामान पोचलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. हे युनिटमध्ये, क्वार्टरवर मी आणि दोन मुलं. ड्रायव्हर घाईत, हमाल त्याच्याहून घाईत. "मॅडम, साइन कर दीजिए, गाडी निकालनी है," म्हणत त्याने कागद पुढे केला आणि मी कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली सही ठोकली. सकाळी बघते तर फ्रिजचं दार वाकलेलं, वॉशिंग मशीनचा ड्रम निखळलेला आणि तेवीस नंबरचं खोकं आलेलंच नाही. त्यात सासूबाईंची पितळेची भांडी होती. कंपनीला फोन लावला तर उत्तर तयारच होतं: सामान सुस्थितीत मिळालं, असं तुम्हीच लिहून दिलंय की.

त्या एका सहीने मला पुढचे सात महिने कागद गोळा करायला लावले. मागितलं त्याच्या निम्मंच हाती आलं, पण त्या निमित्ताने जे शिकले ते पुढच्या प्रत्येक बदलीत कामी आलं. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथे घरटी कुणीतरी फौजेत असतं. तिथल्या नव्या सुनांचे फोन येतात तेव्हा मी जे सांगते, तेच इथे जरा नीट लिहिते.

पैसे कोण देणार, हे आधी समजून घ्या

बऱ्याच जणींना वाटतं, बदली सरकारी आहे तर नुकसानही सरकार भरून देईल. बदलीचे पैसे मिळतात ते दोन प्रकारचे. एक सीटीजी, म्हणजे कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट, जी सातव्या वेतन आयोगानंतर मूळ पगाराच्या ८० टक्के आहे. दुसरा सामानाच्या वाहतुकीचा खर्च, तो ठरलेल्या वजनाच्या आणि दराच्या मर्यादेत. अधिकाऱ्यांचे हे क्लेम पुण्याच्या पीसीडीए, म्हणजे संरक्षण खात्याच्या हिशेब कार्यालयातून पास होतात. या क्लेममध्ये गाडीभाडं आहे, फुटलेल्या फ्रिजचा रकाना नाही. ट्रक खासगी कंपनीचा असेल तर भरपाई मागायची त्या कंपनीकडे, विमा घेतला असेल तर विमा कंपनीकडे, आणि रेल्वेने पाठवलं असेल तर रेल्वेकडे.

इथेच एक कडू गोष्ट सांगते. टीए (प्रवासभत्ता) क्लेमसाठी काही जण वाढवलेलं बिल घेतात. चूक की बरोबर हा विषय बाजूला ठेवा, पण सामान फुटलं की तेच बिल तुमच्या अंगावर येतं. सरकारला दाखवलं सहा हजार किलो आणि तक्रारीतल्या यादीत भरतंय दीड हजार किलो, तर समोरचा वकील दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवेल. बिल खरं घ्या.

बुकिंगच्या दिवशी: बिल्टीवरचा किमतीचा रकाना

रस्त्याने माल नेणाऱ्यांना लागू असलेला कायदा म्हणजे कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७. तो १ मार्च २०११ पासून अमलात आहे. या कायद्याखाली वाहतूकदाराकडे नोंदणी असावी लागते, आणि त्याने तुम्हाला माल मिळाल्याची पावती, म्हणजे आपण जिला बिल्टी किंवा एलआर म्हणतो ती, द्यावी लागते. कोटेशनचा कागद म्हणजे बिल्टी नव्हे, व्हिजिटिंग कार्ड तर नव्हेच. पॅकर्स-मूव्हर्सच्या धंद्यात नावं इतकी एकसारखी असतात की जाहिरात एकाची, फोनवर दुसरा आणि ट्रक तिसऱ्याचा असं सर्रास चालतं. म्हणून बिल्टीवर छापलेलं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याचं नाव हे चारही जुळतात का, ते ट्रक हलायच्या आधी बघा. उद्या नोटीस पाठवायची वेळ आली तर ती कुणाच्या नावाने काढायची, हे त्यावरच ठरतं.

आता तो रकाना. नियम असा आहे की वाहतूकदाराची जबाबदारी गाडीभाड्याच्या दहापटीपर्यंत, पण बिल्टीच्या वेळी जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. समजा भाडं ३८,००० रुपये. दहापट म्हणजे ३,८०,०००. पण बुकिंग करणाऱ्या पोराने किमतीच्या जागी "जुनं घरगुती सामान, रु. १०,०००" असं खरडलं असेल, तर तुमची धाव दहा हजारांपाशीच संपते. यापेक्षा जास्त जोखीम वाहतूकदारावर टाकायची असेल तर ती आधीच लिहून, जादा दर देऊन टाकावी लागते.

"किंमत कमी लिहा, नाहीतर ई-वे बिलाची भानगड होईल," असं ते हमखास सांगतात. ऐकू नका. ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला त्यातून सूट आहे. खरी किंमत लिहिल्याने नाक्यावर गाडी अडत नाही.

बिल्टीवर "ओनर्स रिस्क" असा शिक्का दिसला तरी घाबरून जाऊ नका. त्या शिक्क्याने वाहतूकदार जबाबदारीतून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नाथ ब्रदर्स एक्झिम प्रकरणात २००० साली स्पष्ट केलं आहे. भूकंप-पुरासारखी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशी मोजकी कारणं सोडली तर माल सांभाळणं त्याचं काम. आणि त्याचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायचा नसतो. माल दिला होता आणि आला नाही किंवा फुटून आला, एवढं तुम्ही दाखवायचं.

पॅकिंगची यादी

काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नाव, नंबर, युनिट लिहायची आपली पद्धत आहेच. तीच शिस्त खोक्यांना लावा. प्रत्येक नगाला नंबर आणि वहीत त्या नंबरापुढे आत काय आहे ते. "किचन सामान" असं लिहून उपयोग नाही. "कुकर ५ लिटर, मिक्सर, पितळी पातेली ४" असं लिहा. यादीची एक प्रत बिल्टीला जोडा आणि दोन्ही प्रतींवर कंपनीच्या माणसाची सही घ्या.

मग मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ: टीव्ही चालू करून, फ्रिजचं दार उघडून, मशीनचा ड्रम हाताने फिरवून, कपाटाच्या चारी बाजू, मॉडेल आणि सीरियल नंबरच्या पट्ट्या. शेवटी ट्रकची नंबर प्लेट आणि लावलेलं कुलूप. दहा मिनिटांचं काम आहे. तो व्हिडिओ स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे तारीख राहते आणि फोन हरवला तरी पुरावा राहतो.

खोकी शक्यतो त्यांनाच भरू द्या. तुम्ही भरलेल्या खोक्यात काच फुटली तर "पॅकिंग तुमचं होतं" हे पहिलं उत्तर. दागिने, रोकड, सर्व्हिसची कागदपत्रं, मुलांचे दाखले, मेडल्स आणि लायसन्सचं हत्यार ट्रकमध्ये कधीही नाही.

"इन्शुरन्स घेतलाय" म्हणजे नक्की काय

कोटेशनमध्ये दोन-तीन टक्के इन्शुरन्सचे म्हणून लावलेले असतात. हे पैसे बऱ्याचदा कुठल्याच विमा कंपनीपर्यंत पोचत नाहीत. "रिस्क कव्हर" किंवा "एफओव्ही" (मालाच्या किमतीवर लावलेला आकार) म्हणून घेतलेले पैसे म्हणजे वाहतूकदाराचं स्वतःचं आश्वासन असतं. म्हणून एकच प्रश्न विचारायचा: पॉलिसीचा किंवा सर्टिफिकेटचा नंबर काय, आणि त्यावर माझ्या घरच्यांचं नाव, बिल्टी नंबर आणि रक्कम आहे का? टाळाटाळ झाली तर ते पैसे देऊ नका आणि स्वतः पॉलिसी काढा.

देशांतर्गत वाहतुकीच्या पॉलिसीत ए, बी, सी अशी कलमं असतात. सी म्हणजे आग आणि वीज एवढंच. बी मध्ये गाडी उलटणं, टक्कर वगैरे येतं. फुटणं, चोरी, खोकं गहाळ होणं यासाठी ए लागतं. त्यातही अपुरं पॅकिंग आणि बाहेरून धक्का न लागता आतून बिघडलेलं यंत्र वगळलेलं असतं. रक्कम पूर्ण सामानाची धरा. चार लाखांच्या सामानाचा दोन लाखांचा विमा उतरवला तर चाळीस हजारांच्या नुकसानीचे वीसच हजार मिळण्याची पाळी येते.

स्कूटर किंवा मोटारसायकल ट्रकमध्ये फुटली तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही की गाडीच्या स्वतःच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत रस्त्याने, रेल्वेने नेताना झालेलं नुकसानही येतं. मात्र नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. नुसत्या ओरखड्यासाठी तो घालवू नका.

उतरवण्याची संध्याकाळ

सगळा खेळ इथे आहे. यादी हातात घेऊन एकाने दारात उभं राहायचं, आत येणारा प्रत्येक नग नंबर बोलून टिक करायचा. हे ड्यूटीवर असले तर शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनींना बोलवा. फौजेत शेजारीण नाही म्हणत नाही, आणि पुढे साक्षीदार म्हणूनही उपयोग होतो. चेपलेलं, ओलं, टेप उघडून परत लावलेलं खोकं दिसलं तर उघडायच्या आधी फोटो, उघडताना व्हिडिओ.

मग सही. सही करायला हरकत नाही, पण सहीच्या वर आपल्या हाताने लिहा:

"४१ पैकी ४० नग मिळाले. नग क्र. २३ मिळाला नाही. फ्रिजचे दार वाकले आहे. बाकी खोकी न तपासता घेतली आहेत. दि. ..., वेळ ..."

हिंदीत लिहा, इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. ड्रायव्हर लिहू देत नसेल तर कागदाचा आणि ट्रकचा फोटो काढून हाच मजकूर तो समोर उभा असतानाच कंपनीला व्हॉट्सअॅप आणि ईमेलवर पाठवा. माझ्यासारखी कोरी सही होऊन गेली असेल तरी सगळं संपलेलं नसतं. आमच्या थोरल्याने सहज म्हणून बंद खोक्यांचे फोटो काढले होते. त्यात एक ते एक्केचाळीस नंबर होते आणि तेवीस नव्हता. नंतर कंपनी वाटाघाटीला बसली ती त्या फोटोंमुळे.

कधी कधी ट्रक गेटबाहेर थांबतो आणि "अजून पंधरा हजार द्या, मगच उतरवू" सुरू होतं. ठरलेल्या रकमेचा लेखी पुरावा असेल तर हे सरळ पोलिसात जाण्यासारखं आहे. ताब्यात दिलेला माल वाहतूकदाराने हडपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो. हे कलम फोनवर नुसतं वाचून दाखवलं तरी पुष्कळदा ट्रकचं दार उघडतं.

पहिला आठवडा

विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीला फोन आणि ईमेल करा, क्लेम नंबर घ्या. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फुटलेली वस्तू दुरुस्त करायची नाही, भंगारात द्यायची नाही, खोकं आणि थर्माकोलसुद्धा टाकायचं नाही. वाहतूकदाराकडून नुकसानीचं किंवा कमी नग मिळाल्याचं सर्टिफिकेट मागा. तो देणार नाही बहुधा, पण मागितल्याचा ईमेल हवा. आणि विम्याचा क्लेम चालू आहे म्हणून वाहतूकदाराला नोटीस द्यायची राहू देऊ नका. तुमची ती चूक दाखवून विमा कंपनीही हात वर करू शकते.

रक्कम काढताना हावरटपणा करू नका, आणि संकोचही नको. मी असं केलं: फ्रिज दुरुस्त होणार होता, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं लेखी एस्टिमेट, ९,४०० रुपये. मशीन दुरुस्तीपलीकडे गेल्याचं मेकॅनिककडून लिहून घेतलं. चार वर्षांपूर्वी २४,००० ला घेतलं होतं, वर्षाला दहा टक्के घट धरून १४,४०० मागितले. पितळेची भांडी साधारण किती किलोची ते यादीत होतं, भाव भांडीवाल्याकडून कागदावर घेतला. सासूबाईंच्या आठवणींचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. बिलं नसतील तर बँकेचं स्टेटमेंट, ऑनलाइन खरेदीचा ईमेल, सीएसडी कॅन्टीनची पावती चालते.

१८० दिवस, पण कधीपासून?

कायद्याच्या कलम १६ प्रमाणे वाहतूकदाराला लेखी नोटीस १८० दिवसांच्या आत मिळायला हवी, त्याशिवाय पुढे दावा करता येत नाही. हे दिवस सामान मिळाल्यापासून मोजायचे नाहीत, माल बुक केल्याच्या तारखेपासून मोजायचे. सामान दोन महिने गोदामात पडून राहिलं असेल, क्वार्टर मिळायला वेळ लागला म्हणून तुम्ही खोकी उघडली नसतील, तरी घड्याळ बुकिंगच्या दिवशीच सुरू झालेलं असतं. एसएफ क्वार्टरसाठी (नवरा फील्डवर असताना कुटुंबाला मिळणाऱ्या घरासाठी) थांबलेल्या कितीतरी कुटुंबांचं इथेच चुकतं. बुकिंगच्या तारखेत पाच महिने मिळवा आणि ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

उलट, बिल्टीमागे बारीक अक्षरात "तक्रार ४८ तासांत, नंतर विचार नाही" असं छापलेलं असतं, त्याने हे १८० दिवस कमी होत नाहीत.

नोटीस वकिलाकडूनच हवी असं नाही. एका पानात बसते:

"बिल्टी क्र. ..., बुकिंग दि. ..., येथून ... येथे. गाडीभाडे रु. ... भरले. दि. ... रोजी सामान मिळाले तेव्हा सोबतच्या यादीप्रमाणे एक नग गहाळ व दोन वस्तूंचे नुकसान झालेले आढळले. एकूण रु. ... . कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७ च्या कलम १६ खालील ही लेखी सूचना समजावी. १५ दिवसांत रक्कम न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल."

सोबत यादी, फोटो, एस्टिमेट. स्पीड पोस्टाने कंपनीच्या मुख्य कार्यालयात आणि बुकिंग केलेल्या शाखेत, दोन्हीकडे. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा पोस्टात पोच मिळणारी सेवा मागून घ्या. पावती आणि पोच दोन्ही फाइलला लावा.

ऐकलं नाही तर

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथून आलेलं पत्र कंपनीवर बंधनकारक नसतं, पण नाव सांभाळणारी कंपनी तिथेच नरमते. नाही नरमली तर जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या काही गोष्टी फौजी घरांसाठी जणू मुद्दाम केल्यासारख्या आहेत. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. माल पठाणकोटला बुक झाला, उतरला सिकंदराबादला, बिल्टीवर "दिल्ली न्यायक्षेत्र" छापलंय, आणि तुम्ही मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात राहताय, तर साताऱ्यात करा. मोजलेलं भाडं पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही, सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. मुदत दोन वर्षं, पण १८० दिवसांची नोटीस आधी गेलेली हवी.

बुकिंग साहेबांच्या नावावर असलं तरी सेवेचा लाभ घेणारी म्हणून बायकोलाही तक्रार करता येते. तक्रारीत तसं स्पष्ट लिहा आणि नवऱ्याचं संमतिपत्र जोडा. दिवाणी कोर्टात जायची वेळ आलीच तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २८ मध्ये सोय आहे: रजा न मिळणारा जवान आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून दुसऱ्या कुणालाही दावा चालवायचा अधिकार देऊ शकतो. वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जुलै २०२५ मध्ये सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेमुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनही ही मदत मागता येते.

विमा कंपनीने नकार दिला किंवा रक्कम फारच कापली तर विमा लोकपाल आहे. नकाराच्या पत्रापासून एक वर्ष, फी नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे कार्यालयं आहेत. पॉलिसी तुमच्या नावाची असेल तर ही वाट सोपी जाते. म्हणूनच वर म्हटलं, पॉलिसी स्वतः काढा.

रेल्वेने पाठवलं असेल तर

डब्यात आपल्याजवळ ठेवलेली ट्रंक आणि ब्रेकव्हॅनला (गाडीच्या सामानाच्या डब्यात) पावती घेऊन बुक केलेलं सामान यात जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात रेल्वेचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायचा. दुसऱ्यात रेल्वे जबाबदार, पण बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल तर भरपाई किलोच्या हिशेबाने, ठरलेल्या मर्यादेतच. पार्सल ऑफिसात ट्रंक फोडल्यासारखी दिसली तर तशीच उचलून आणू नका, ओपन डिलिव्हरी मागा. रेल्वे अधिकाऱ्यासमोर उघडून काय गेलं याची नोंद होते. रेल्वे कायद्याच्या कलम १०६ खाली नोटीस सहा महिन्यांत, इथेही माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून मोजून. पुढे रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनल, तीन वर्षांच्या आत. त्याची पीठं मुंबईत आणि नागपुरात आहेत.

तडजोडीचा चेक

नोटीस गेली की साधारण महिन्याभरात कंपनीचा फोन येतो आणि पहिला आकडा लाज आणणारा असतो. मला चार हजार सांगितले होते. लगेच हो म्हणू नका, लगेच भांडूही नका. "ईमेलवर पाठवा" एवढंच म्हणा. आकडा जमला तरी "फुल अँड फायनल सेटलमेंट" लिहिलेल्या कागदावर सही पैसे खात्यात दिसल्यावरच करायची. सही आधी मागत असतील तर कागदावर रक्कम, चेक नंबर आणि "चेक वटल्यास" हे दोन शब्द स्वतःच्या हाताने लिहा. तो चेक माझ्याकडे आला तेव्हा ह्यांच्या पुढच्या पोस्टिंगची कुणकुण लागली होती आणि वॉशिंग मशीन अजून सर्व्हेसाठी म्हणून व्हरांड्यात तसंच उभं होतं.